तेलाच्या दाबाचा काटा

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात मोटारीच्या इंजिनावरचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. कविता, लघुकथा, सहलीचे वर्णन ही आपल्या अंकाची घरची मंडळी. त्यांच्या पंगतीत हा तेलकट हातांचा पाहुणा कोठून आला? तर तो आमच्या घरून आला. माझे वडील (आम्ही त्यांना आण्णा म्हणतो) चाकणला पुणे-नाशिक रस्त्यालगत लहानसे गॅरेज चालवतात. त्यांची शाळा सातवीत सुटली. महाविद्यालयाची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच, आणि माझा विशेष विषय मराठी. त्यामुळे "एवढं शिकून गॅरेजला त्याचा काय उपयोग?" असा प्रश्न पाहुण्यारावळ्यांत अधूनमधून निघतो. उपयोग एवढाच की, जुन्या गाड्यांची इंग्रजी पुस्तके मी आण्णांना वाचून दाखवते आणि त्यातले कोणते वाक्य रस्त्यावर टिकते हे ते मला सांगतात. या दुहेरी वाचनातून मला जी एक गोष्ट नीट उमगली, ती म्हणजे तेलाच्या दाबाचा काटा. तीच येथे मांडते.

चाकण म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला संग्रामदुर्ग आणि १६६० मध्ये शाएस्तेखानाशी झुंजलेला फिरंगोजी नरसाळा आठवतो, शेतकऱ्याला कांद्याचा बाजार. आता त्यात कारखान्यांची भर पडली आहे. महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेन्झ अशा बड्या नावांच्या नव्या कोऱ्या गाड्या लांबलचक ट्रेलरांवर चढून आमच्या दारावरून जातात. आमच्या दारात थांबतात त्या मात्र म्हाताऱ्या गाड्या, आणि त्यांत मानाचे पान अँबॅसडरचे. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून घेतलेली ही गाडी हिंदुस्थान मोटर्सने कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा येथे १९५७ च्या सुमारास काढायला सुरुवात केली आणि २०१४ मध्ये ती बंद झाली. जुन्या पेट्रोल अँबॅसडरच्या समोरच्या फळीवर पेट्रोल, विद्युतप्रवाह वगैरेंच्या काट्यांबरोबर तेलाच्या दाबाचाही एक काटा असतो. गाडीच्या मालकाची झोप उडवण्याची ताकद जितकी या काट्यात आहे, तितकी इतर कोणत्याही काट्यात नाही.

उदाहरण आमच्या ओळखीच्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचे घेते. गावात सारे त्यांना गुरुजीच म्हणतात. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांतून त्यांनी एक जुनी अँबॅसडर घेतली आणि पोटच्या पोरासारखी सांभाळली. गेल्या वर्षी सहकुटुंब भीमाशंकरला जाऊन परत येताना राजगुरुनगरच्या गर्दीत गाडी खोळंबली आणि काटा घसरत घसरत आठावर आला. एरवी तो तिथे अठरा-वीस दाखवी. घाबरून त्यांनी पुण्यातल्या एका गॅरेजला गाडी दाखवली. तेथे काटा पाहूनच निकाल लागला: बेरिंगे गेली, इंजिन खोलावे लागेल. खर्चाचा अंदाज गुरुजींच्या चार महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढा. गाडी भंगारात द्यावी की काय, या विचाराने ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

निदान बरोबर होते की चूक, हे ठरवण्याआधी काटा मोजतो तरी काय, ते पाहू.

सर्वसाधारण समज असा की, काटा वर म्हणजे तेल भरपूर आणि काटा खाली म्हणजे तेल कमी. हा समज मुळातच चुकीचा आहे. इंजिनात तेल किती आहे हे काटा सांगत नाही. ते सांगते ती तेल मोजायची पट्टी, जी बॉनेट उघडून बाहेर ओढून पाहावी लागते. चेंबरमधले तेल निम्म्याने कमी झाले तरी पंपाच्या तोंडाशी तेल आहे तोवर काटा आपल्या जागी ठाम उभा असतो. तेल आणखी खाली गेले की पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि मग काटा एकदम कोसळतो.

मग दाब म्हणजे काय? आमच्याकडच्या कोणाही शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. विहिरीवरची मोटार चालू आहे आणि पाइपाचे तोंड मोकळे आहे. पाणी बदाबदा पडते, पण लांब जात नाही. तोंडाशी अंगठा धरला की तेच पाणी चार वाफे ओलांडून जाते. मोटार तीच, पाणी तेच. अडवणूक वाढली म्हणून दाब वाढला. आता त्याच पाइपाला वाटेत दहा ठिकाणी भोके पडली असतील, तर अंगठा धरूनही धार लांब जाणार नाही. इंजिनातला तेलाचा पंपही असाच इंजिनाबरोबर फिरतो आणि एका फेऱ्यात ठरावीक तेल पुढे ढकलतो. ते तेल गाळणीतून मुख्य नळीत येते आणि तेथून क्रँकच्या, कनेक्टिंग रॉडच्या, कॅमच्या बेरिंगांत शिरते. बेरिंग आणि दांडा यांच्यामध्ये केसाच्या जाडीहूनही कमी फट असते. त्या फटीतून तेल बाहेर झिरपते आणि परत चेंबरमध्ये पडते. म्हणजे बेरिंग ही एक मुद्दाम ठेवलेली गळतीच आहे. ही गळती किती अवघड आहे, एवढेच काटा मोजतो.

यावरून तीन गोष्टी आपोआप निघतात. इंजिनाचे फेरे वाढले की पंप जास्त तेल ढकलतो, दाब वाढतो. तेल पातळ झाले की ते फटीतून सहज निसटते, दाब घटतो. आणि फट वाढली की गळती वाढते, दाब घटतो. या शेवटच्या गोष्टीचे गणित भयंकर आहे: फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, ती आठपट होते. म्हणून बेरिंगाची थोडीशी झीजही काट्यावर मोठी दिसते. परंतु हे लक्षात घ्यावे की काटा एक आणि कारणे तीन. काटा खाली आला एवढ्यावरून 'बेरिंगे गेली' असे म्हणणे म्हणजे 'पाणी' हा एक शब्द ऐकून तो विहिरीतल्या पाण्याविषयी आहे, तलवारीच्या की डोळ्यांतल्या, हे वाक्य न ऐकताच ठरवणे होय. (आमच्या विभागाचे प्राध्यापक या उपमेबद्दल क्षमा करतील.)

तेलाच्या पातळपणाचा प्रभाव किती असतो, तेही सांगते. अँबॅसडरसारख्या जुन्या इंजिनात जे २०-डब्ल्यू-५० नावाचे तेल घालतात, ते ४० अंश सेल्सियसला जितके दाट असते त्याच्या साधारण नवव्या हिश्शाइतकेच १०० अंशांना उरते. त्यामुळे थंड इंजिन सकाळी चालू केले की काटा थेट साठाकडे झेपावतो आणि मालक खूश होतो. दुपारी घाट चढून आल्यावर तोच काटा पंधरावर बसतो आणि मालकाला घाम फुटतो. वास्तविक दोन्ही वेळा इंजिन तेच असते. उलट सकाळचा साठचा आकडा थोडा फसवा आहे. तेल इतके दाट असते की ते अरुंद वाटांनी रेंगाळत जाते आणि दाब फार वाढू नये म्हणून बसवलेली स्प्रिंगची झडप उघडून बरेचसे तेल बेरिंगांकडे न जाता मागेच फिरते. म्हणून थंड इंजिनाला चालू केल्या केल्या रेस देणाऱ्या माणसावर आण्णा फार चिडतात. "म्हाताऱ्या माणसाला झोपेतून उठवून लगेच पळायला सांगाल का?" असे ते गिऱ्हाइकाला तोंडावर विचारतात.

आकड्यांविषयी थोडे. काट्यावर दर चौरस इंचाला इतके पौंड, असे माप असते. गॅरेजमध्ये नुसते 'पौंड' म्हणतात. अँबॅसडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाला, ते पुरते तापल्यावर, चालत्या गाडीत ५० पौंडांच्या आसपास आणि गाडी उभी ठेवून इंजिन स्लोवर असताना १५ पौंडांच्या आसपास दाब असावा, असे धरून आम्ही चालतो. याखेरीज जगभरच्या फिटर मंडळींत एक ठोकताळा आहे: मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे दहा पौंड मिळाले तर पुरे. स्लोवर इंजिन सातशे-आठशे फेरे मारत असेल तर सात-आठ पौंडही त्या हिशेबाने अगदीच आणीबाणी नव्हे. ठोकताळा तो ठोकताळाच. पण तो माहीत असलेला माणूस काट्याकडे पाहून लगेच पाने उचलत नाही.

एवढ्या कमी दाबावर जड क्रँक तेलावर कसा तरंगतो, ही शंका मला बरेच दिवस होती. प्रत्येक स्फोटाला पिस्टन जो दणका देतो, त्यापुढे पंधरा पौंड म्हणजे काहीच नाही. याचे उत्तर मला एका जुन्या प्रयोगात सापडले आणि तो प्रयोग मला एखाद्या चांगल्या कथेइतका आवडला. १८८३ मध्ये इंग्लंडात ब्यूचँप टॉवर नावाचे अभियंते बेरिंगांवर प्रयोग करीत होते. फिरता दांडा खालून तेलात बुडलेला आणि त्याच्या पाठीवर वजन दिलेले बेरिंग, अशी मांडणी होती. बेरिंगाच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी त्यांनी एक भोक पाडले. पण तेल आत जाण्याऐवजी भोकातूनच वर येऊ लागले. त्यांनी लाकडाची खुंटी ठोकली, तर तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. शेवटी त्या भोकाला दाबमापक जोडला, तेव्हा काटा दोनशे पौंडांच्या पलीकडे गेला. आणि बेरिंगावरच्या वजनाची सरासरी तर चौरस इंचाला शंभर पौंडच होती! तेथे पंप नव्हता. फिरणारा दांडा स्वतःच तेल ओढून निमुळत्या फटीत कोंबत होता आणि त्या पाचरीवर तरंगत होता. पावसात भरधाव गाडीचे चाक पाण्याच्या थरावर उचलले जाऊन घसरते, त्यातले तत्त्व हेच. ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनी १८८६ मध्ये याचे गणित मांडले.

याचा आपल्या काट्याशी संबंध असा: काट्यावरचा दाब क्रँकला उचलून धरत नाही. उचलून धरतो तो क्रँकच्या फिरण्याने तयार होणारा, काट्याला कधीच न दिसणारा दाब, आणि तो कित्येक पटींनी मोठा असतो. पंपाचे काम फटीत तेल अखंड पोहोचवण्याचे. काटा हा वाढप्यासारखा आहे; पंगतीला वाढणे सुरू आहे की नाही एवढे तो सांगतो, कोणाचे पोट भरले ते नाही. किंबहुना तो मुख्य नळीतल्या एकाच ठिकाणचा दाब दाखवतो. एखाद्या रॉडकडे जाणारी बारीक वाट काजळीने बुजली, तर काटा उत्तम दाखवत राहील आणि तो रॉड जळेल.

आता गुरुजींच्या गाडीकडे वळू. आण्णांनी इंजिन ऐकले. खालून ठोका येत नव्हता. मग पट्टी ओढून तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनी यांत चोळला, हुंगला आणि विचारले, "गुरुजी, तेल कधी बदललं?"

"दोन महिने झाले असतील, मिस्त्री. यंदा भारीतलं घातलंय, नव्या गाड्यांना घालतात ते."

"ताई, पुस्तक काढ," आण्णा मला म्हणाले.

पुस्तकाची गरज त्यांना नव्हती. गुरुजींना छापील अक्षरावर जास्त विश्वास, हे ते ओळखून होते. एका सर्व्हिसिंग केंद्राने गुरुजींच्या गाडीत ५-डब्ल्यू-३० तेल घातले होते. तेल उत्तमच, महागही. पण ते आजच्या बारीक फटींच्या इंजिनांसाठी. तापल्यावर ते २०-डब्ल्यू-५० पेक्षा पुष्कळच पातळ असते. जुन्या काळच्या नकाशावर बांधलेल्या आणि वयोमानाने थोड्या झिजलेल्या इंजिनात ते वाळूत ओतलेल्या पाण्यासारखे निसटत होते. शिवाय भीमाशंकरचा चढ, वरून उन्हाळा. आण्णांनी तेल आणि गाळणी बदलली आणि मूळ काट्यावर भरवसा न ठेवता इंजिनालाच आपला तपासणीचा दाबमापक जोडला. गाडी मोशीपर्यंत नेऊन आणली. तापलेल्या इंजिनाला स्लोवर १९ पौंड, चालताना ४८. गुरुजींनी तो आकडा स्वतः वाकून वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. इंजिन खोलण्याचा विषय तेथेच संपला.

हे वाचून कोणी 'मग दाट तेल घाला, काटा वर राहील' असा सोपा अर्थ काढील, म्हणून दुसरी गोष्ट लगेच सांगते. आमच्या नात्यातला एक मुलगा लग्नाच्या वरातींना भाड्याने देण्यासाठी जुनी अँबॅसडर घेणार होता. त्याच्या आईने बचत गटातून कर्ज उचलले होते. गाडी पाहायला आण्णांबरोबर मीही गेले. रंग झकास, आसने नवी, आणि तापलेल्या इंजिनाला स्लोवर काटा चक्क चाळिसावर! मुलगा हरखला. आण्णा मात्र गप्प झाले. परतताना मला म्हणाले, "ह्या वयात स्लोवर चाळीस? माझंसुद्धा एवढं नसेल." त्यांनी पट्टी काढून पाहिली होती, तेल काकवीसारखे तार धरत होते. विकायची गाडी ठणठणीत दिसावी म्हणून इंजिनात १४० नंबरचे गिअरचे तेल किंवा तेल घट्ट करणारे औषध मिसळायचे, ही बाजारातली जुनी युक्ती आहे. (गिअरच्या तेलाच्या नंबरांचे माप वेगळे, ९० नंबरचे गिअर तेल इंजिनाच्या ४०-५० नंबराइतकेच दाट असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) "आमच्या खर्चाने तेल बदलून, गाडी तापवून मग काटा पाहू," असे आण्णांनी सुचवले. विकणाऱ्याने साफ नकार दिला. व्यवहार मोडला, मुलगा आठवडाभर आमच्याशी बोलला नाही. ती गाडी पुढे कोणी घेतली, कळले नाही.

म्हणून आकड्यापेक्षा सवय महत्त्वाची. आपल्या गाडीचा काटा तापल्यावर, त्याच वेगाला, रोज कोठे असतो हे मालकाने पाहून ठेवावे. वर्षानुवर्षे तो हळूहळू उतरत असेल तर ती झीज. तिला घाईने नव्हे, पण पैसे बाजूला टाकून तोंड द्यावे लागते. वळणावर किंवा ब्रेक दाबताना काटा लटपटत असेल तर तेल कमी आहे, पट्टी पाहा. दाब घटला आणि पट्टीवरचे तेल मात्र वाढलेले दिसले, तर तेल हुंगावे; इंजिनावरच्या पेट्रोलपंपाचा पडदा फाटला की पेट्रोल चेंबरमध्ये उतरून तेल पातळ करते. आणि कारण नसताना काटा नेहमीपेक्षा वर राहू लागला, तर आनंद मानू नये. स्प्रिंगची झडप अडकली असण्याचा संभव असतो.

काटा स्वतःही बिघडतो, हे विसरता कामा नये. जुन्या पद्धतीच्या काट्यात बारीक नळीने तेलच समोरच्या फळीपर्यंत येते आणि एका वाकवलेल्या चपट्या नळीत शिरते. दाब वाढला की ती नळी सरळ होऊ पाहते आणि काटा हलतो. जत्रेत मिळणारी, फुंकल्यावर उलगडणारी कागदी पिपाणी आठवा. ही कल्पना फ्रान्सच्या युजीन बूर्दाँ यांची, १८४९ ची. हा काटा सहसा दगा देत नाही. नळी फुटली तर मात्र गरम तेल पायावर येते. विजेवर चालणाऱ्या काट्याचे तसे नाही. इंजिनावरचे त्याचे बटण खराब झाले, तार सैल झाली, तरी काटा पडतो. म्हणूनच आण्णा तपासणीचा दाबमापक जोडल्याशिवाय कोणाच्याही इंजिनाबद्दल वाईट बोलत नाहीत.

आपल्या मुंबईच्या कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने काढलेल्या पद्मिनी गाडीत, जी २०२३ पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावली, काट्याऐवजी तेलाचा लाल दिवा होता. आजच्या बहुतेक गाड्यांतही तोच असतो. चालकाला कमी कटकट, हे खरे. पण तो दिवा सर्वसाधारणपणे दाब पाच-सात पौंडांपर्यंत उतरल्यावर लागतो. काटा घसरणीची वार्ता देतो, दिवा थेट मयताची. माझे मत काट्याच्या बाजूचे आहे. नव्या गाड्यांच्या कारखान्यांत काम करणारे आमचे शेजारी मला यावर हसतात, आणि त्यांच्या गाड्यांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे बरोबरही असेल.

काटा शून्यावर आला किंवा चालत्या गाडीत लाल दिवा लागला, तर मात्र वर लिहिलेले सारे पांडित्य बाजूला ठेवावे. गाडी कडेला घेऊन लगेच इंजिन बंद करावे. थोडे थांबून, तेल खाली उतरू देऊन पट्टी पाहावी. तेल कमी असेल तर भरावे आणि इंजिन चालू करून काही सेकंद काटा पाहावा. तो उठला नाही तर पुन्हा बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी. आमच्या गॅरेजात जळून बसलेली जी इंजिने येतात, त्यांतल्या बहुतेकांचे मालक एकच वाक्य सांगतात: गॅरेज दोनच किलोमीटरवर होते, म्हणून तशीच आणली.

— एस. वाय. बी. ए. (मराठी)